मावशीच्या गुत्त्यातली अमावस्या

हा गुत्ता मी खेळासाठी रचला आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. तेव्हापासून भूमिका वठवण्याच्या खेळांतल्या किती कथा दारूच्या गुत्त्यात सुरू झाल्या, याला गणती नाही. अनोळखी माणसं एका बाकावर येतात, कुणीतरी काम सांगतं, वीस बाजूंचा फासा पडतो. माझ्या गुत्त्यात माणसाला प्रवेश नाही. तो श्रीगोंदा तालुक्यात, पेडगावच्या किल्ल्याखाली, भीमेच्या काठाला आहे. गिऱ्हाइकं आपल्याकडचीच: हडळ, खवीस, झोटिंग, समंध, मुंजा, गिऱ्हा, चकवा.

खेळ चालवणाऱ्याच्या हातात एक घटनाक्रम असतो. खेळाडूंनी काहीच केलं नाही तर केव्हा काय घडेल, ते त्यात लिहिलेलं असतं. इथल्या पेडगावच्या नोंदी, वेळा आणि पाण्याची पातळी मी ठरवली आहे. पानशेत धरण, खडकवासला धरण आणि पुणे इथल्या नोंदी खऱ्या, ११ आणि १२ जुलै १९६१ च्या आहेत. त्या कुठल्याही फाशानं बदलत नाहीत. खेळायला बसणाऱ्याला हे मी आधीच सांगतो, कारण धरण फुटणार हे ठाऊक असताना खेळण्यासाठीच हा खेळ आहे.

जागेविषयी. पेडगावचा भुईकोट म्हणजे बहादूरगड, आताचा धर्मवीरगड. आत यादवकाळातली देवळं आहेत. त्यांतलं लक्ष्मीनारायणाचं सगळ्यांत देखणं. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, मराठ्यांनी मोगल सरदार बहादूरखानाच्या फौजेला हुलकावणी देऊन छावणीपासून लांब नेलं आणि मागं राहिलेला खजिना लुटला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज आणि कवी कलश यांना कैद करून इथंच औरंगजेबापुढं उभं केलं. नदीच्या बाजूला हत्तीच्या मोटेचे अवशेष आहेत. भीमेचं पाणी त्या मोटेनं वर खेचून किल्ल्यात खेळवलं जाई. माझा गुत्ता या मोटेच्या खाली, एका कल्पित तळघरात आहे.

तळघर लांबीला ३० हात, रुंदीला ११ हात. वरचं दार १९ पायऱ्या चढून किल्ल्यात उघडतं, खालचं नदीकडं. खालच्या दारापासून पाण्यापर्यंत उतारावर शेंदूर लावलेले ७ दगड आहेत, साती आसरांचे. आसरा गुत्त्यात येत नाहीत. पाणी किती चढलं ते त्या दगडांवरून कळतं.

११ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ७:३०

वरच्या दाराची शिळा बाजूला होते. मालकीण हडळ आहे; तिला सगळे मावशी म्हणतात. राज्यात दारूबंदी आहे, त्यामुळे धंदा हातभट्टीचा: गूळ, नवसागर, बाभळीची साल. भिंतीला लागून रसायनाची ६ पिंपं आहेत, सगळी भरलेली. उद्या अमावस्या. उद्या रात्री वेताळाची पालखी निघेल आणि तिच्या वाटेवर हा गुत्ता आहे. मावशीनं नेहमीच्या दुप्पट माल लावला आहे.

सातही दगड कोरडे.

रात्री ९:१५

आत ४१ गिऱ्हाइकं. नियम तीन. हत्यार दाराशी ठेवायचं. माणसाचं नाव घ्यायचं नाही. उधारी अमावस्येच्या आत फेडायची. दाराशी खवीस उभा असतो. तो नियम एकदाच सांगतो.

मुंजा आत नसतो. तो बाहेरच्या पिंपळावर राहतो आणि पिंपळाच्या सावलीपलीकडं जाऊ शकत नाही. मुंज झाली त्या वर्षी गेलेला पोर. मावशी रोज त्याच्यासाठी द्रोणात गूळपाणी बाहेर ठेवते. आज गर्दीत ती विसरली. तो हाक मारून मागत नाही.

रात्री १०:४०

पुण्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण खचतं आहे. बांधाच्या पोटातून पाणी सोडायचा जो मार्ग आहे त्याच्या काँक्रीटमध्ये सळई घातलेली नाही. दरवाजांचं काम पुरं झालेलं नाही. तरी या पावसाळ्यात पाणी अडवलं आहे. त्या मार्गाच्या वरचा भराव बसत चालला आहे. लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचताहेत. पोती चढतात, माथा उतरतो, पाणी वाढतं.

जवानांच्या कष्टात काही कमी नव्हतं. ज्या निर्णयांची किंमत ते मोजत होते, ते निर्णय त्या रात्रीच्या कितीतरी आधी, कोरड्या जमिनीवर झाले होते.

रात्री ११:३५

गिऱ्हा खालच्या दारानं येतो. पाण्यातलं भूत. माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारून डोहात नेणं हा त्याचा धंदा. गुत्त्यात त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही. शिवाय त्याची ६ रुपये ३५ नवे पैसे उधारी आहे.

तो सांगतो की आंबीच्या आसरांनी मुठेच्या आसरांना निरोप दिला, मुठेच्यांनी मुळा-मुठेच्यांना, आणि रांजणगाव सांडसच्या संगमावर तो निरोप भीमेत उतरला. निरोप तीन शब्दांचा आहे: बांध बसतोय, निघा.

‘पैसं आनलंस का?’ मावशी विचारते.

‘मावशे, पानी येनार हाय.’

‘पानी दरसाल येतं. पैसं आनलंस का?’

११:५० ला खवीस त्याला बाहेर घालवतो. खरी बातमी गुत्त्यात येऊन पंधरा मिनिटं थांबली आणि परत गेली.

रात्री १२:०५

मावशी अगदीच दुर्लक्ष करत नाही. ती खविसाला दगड बघायला पाठवते. तो येऊन सांगतो की सहा कोरडे, एक पाण्यात.

‘काल?’

‘काल एकबी न्हवता.’

‘पावसाळा हाय,’ बाकावरून कुणीतरी म्हणतं. मावशी मान हलवते आणि मापाकडं वळते. दगड पुन्हा बघायला कुणाला सांगितलं जात नाही.

१२ जुलै, बुधवार. पहाटे २:१०

झोटिंग दौंडहून परततो. तो नेहमी रोख देतो, कधी वाद घालत नाही, आणि त्याची प्रत्येक बातमी आजवर खरी ठरली आहे. त्यानं दौंडच्या स्टेशनाबाहेर एक जीप पाहिली. दारूबंदीवाले. पेडगावचं नाव ऐकलं. उजाडल्यावर येतील.

जीप खरी होती. पेडगावचं नाव दुसऱ्याच कशासाठी निघालं होतं. खेळाडू झोटिंगाला नीट विचारतील तर हे कळतं: ‘नेमकं काय म्हणाले?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. घटनाक्रमात तो कुणी विचारत नाही.

दिवसा माणसं आली, त्यांनी शिळा सरकवली, आत ऊन पडलं, तर ४१ जणांचं काय होईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुत्ता पहिल्यांदाच गप्प होतो.

पहाटे ४:३५

मावशी चकव्याला बोलावते. चकवा वाट फिरवतो: माणूस चालत राहतो आणि निघाला तिथंच येतो. त्यानं किल्ल्याभोवती फेर धरला की शंभर शिपाई आले तरी दार सापडणार नाही.

मोबदला पहिल्या धारेच्या दोन बाटल्या, आगाऊ. अटी ठरतात. फेर दिवेलागणीनंतर सुटेल. सोडायला मावशीनं बाहेरून तीन हाका मारायच्या. बाहेरूनच, कारण आत शिपाई शिरले तर ते कुणाच्याही मानेवर हात ठेवून हाक मारायला लावतील. मावशी दिवसभर लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळच्या एका अंधाऱ्या फटीत बसेल, दर वेळी बसते तशी.

पिंपळावरून मुंजा विचारतो, ‘मावशे, तुला जमलं न्हाई तर मी हाक मारू?’

मावशी चकव्याला सांगते, ‘पोराच्या हाकेवर सोडायचं न्हाई. गिऱ्हा कुनाचाबी आवाज काढतो.’

या वाक्यात चूक अशी नाही. प्रत्येक अट तिच्या जागी शहाणपणाची आहे. म्हणूनच ही नोंद मी सगळ्यांत जास्त वेळा पुन्हा लिहिली.

पहाटे ५:१०

मावशी बाहेर पडते. नऊ पायऱ्या चढते. खालून वास येतो. तिसऱ्या पिंपातलं रसायन उतू चाललं आहे. पालखीचा माल. ती परत खाली उतरते, झाकण काढते, फेस काढून टाकते, बाभळीची साल दाबते. एवढ्यानं भागेल असं तिला वाटतं. भागत नाही. चौथंही वर आलेलं असतं.

पहाटे ५:३०

ठरल्या वेळी चकवा फेर धरतो. त्यानं आत डोकावून बघायचं असं ठरलेलं नव्हतं.

मावशी आत आहे.

सकाळी ६:०५

सूर्य उगवतो. ४१ गिऱ्हाइकं, मावशी आणि खवीस, एकूण ४३. समंध या ४१ मध्ये धरला आहे. तो उत्तरेच्या भिंतीशी एका चौकोनी फरशीवर बसतो आणि उठत नाही. फरशीखालचा खजिना १६७४ मध्येच गेला. त्याला ते २८७ वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. फरशीखाली आता फक्त मोटेचा जुना पाट आहे, अंगानं बारीक असलेला एक जण सरपटत जाईल एवढा.

मावशीला आपण अडकलो हे कळलं आहे. ती कुणाला सांगत नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी करू, असा तिचा विचार आहे. बाकीचे झोपतात.

सकाळी ७ ते ८

पानशेत फुटतं.

त्यानंतरचे काही तास

पाणी खडकवासल्याच्या जलाशयात शिरतं. तिथलं दगडी धरण १८७९ सालचं आहे. पुण्याचं पिण्याचं पाणी त्याच्यावर अवलंबून आहे. लोंढा त्याच्या माथ्यावरून वाहतो आणि काही तासांत तेही फुटतं.

पुणं नेहमीच्या दिवसासारखं उठलं होतं. मुठेचं पाणी पेठांत शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा या पेठांमधले वाडे मातीचे होते. पाणी वर चढताना काही पडले, उतरताना आणखी पडले. माणसं किती गेली याचे अंदाज हजारापर्यंत जातात. ज्यांची घरं उभी राहिली त्यांच्याही नळाला पाणी उरलं नाही.

खेळात पुण्याच्या या नोंदी मी एका दमात वाचून दाखवतो आणि थांबतो. तिथं कुणाला फासा टाकू देत नाही.

दुपारी ३:१५

मुठेचं पाणी मुळेला मिळून पुढं निघालं आहे. पेडगावला पाऊस थांबला आहे, ऊन पडलं आहे. तीन दगड पाण्यात. मुंजा पिंपळावरून मोजतो. त्याला वाटतं, मावशीला ठाऊक असेल.

दारूबंदीवाले आलेले नाहीत. येणारही नाहीत.

दुपारी ४:५०

पाच दगड पाण्यात. शेवटच्या दोघांचा शेंदूर अजून कोरडा आहे.

गिऱ्हा नदीतून दारापर्यंत येतो आणि चकव्याच्या फेरात सापडून पुन्हा नदीत जातो. तीन वेळा. चौथ्यांदा तो प्रयत्न करत नाही. तो बाहेर आहे म्हणून वाचणार आहे, आणि काल रात्री ६ रुपये ३५ नवे पैसे नव्हते म्हणून बाहेर आहे.

संध्याकाळी ५:४०

नदीतून सामान येऊ लागतं. तुळया, कडबा, दाराची एक चौकट कडीसकट, तेलाचे डबे. मग दुकानाची एक लाकडी पाटी, उताणी. मुंजा शिकलेला आहे. तो पाटी वाचतो. तिच्यावर खाली लिहिलं आहे: शनिवार पेठ, पुणे.

तेव्हा तो ओरडतो. तळघरात आवाज पोचतो, पण वाट फिरवलेली असते तशी हाकही फिरते. आत तो आवाज नदीच्या बाजूनं आल्यासारखा ऐकू येतो.

‘गिऱ्हा हाय,’ खवीस म्हणतो आणि कूस बदलतो.

संध्याकाळी ६:२०

पाणी खालच्या दाराच्या उंबऱ्यावरून आत येतं. पहिल्यांदा जाग येते ती जमिनीवर झोपलेल्यांना. उंबऱ्यापाशी मावशीच्या उलट्या पावलांचे ओले ठसे होते, टाचा पुढं असलेले. त्यांत पाणी भरतं, मग ते पुसले जातात.

या खेळातला नियम असा की वाहत्या पाण्यात डोकं बुडालं की भूत उरत नाही. गिऱ्ह्याला एकट्याला तो लागू नाही. सूर्यास्त ७:१४ ला. अजून ५४ मिनिटं आहेत आणि बाहेर ऊन आहे.

६:२८

तरीही झोटिंग वरच्या दाराकडं धावतो. उन्हात जळेन पण बुडणार नाही, असं म्हणतो. १९ पायऱ्या चढतो आणि विसाव्या पावलाला तळघराच्या जमिनीवर येतो. पुन्हा चढतो. या खेपेला तो दहाव्या पायरीवर कोळशानं रेघ मारतो. वर पोचतो, पाऊल टाकतो, पाण्यात उभा राहतो. मान वळवून बघतो तर दहाव्या पायरीवर रेघ आहे.

मावशी आता सांगते.

६:४१

चकव्यावर उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. लहान पोरांनाही तो शिकवलेला असतो: चालायचं थांबायचं, होतो तिथं बसून राहायचं, उजाडलं की वाट दिसते. पाणी मांडीपर्यंत आलं आहे. बसून राहायची सोय नाही.

समंध पहिल्यांदाच बोलतो. माझ्याखाली पाट आहे, तो म्हणतो. पाट पाण्याची वाट, पायाची नव्हे. चकवा पाटाला लागत नाही. पण फरशीच्या कडेला सहाही पिंपं टेकवलेली आहेत आणि ती भरलेली आहेत.

खवीस पिंप आडवं करायला जातो. मावशी त्याचा हात धरते. पालखीचा माल आहे. वेताळाला काय सांगायचं? ती म्हणते, उचलून बाजूला ठेवा, सांडू नका. भरलेलं पिंप उचलायला चौघं लागतात आणि पाण्यात पाय टिकत नाहीत.

६:५०

नऊ मिनिटांत दोन पिंपं हलली आहेत. मावशी स्वतः तिसऱ्याला लाथ घालते. मग सगळी आडवी होतात. तळघरात गुळाचा आंबूस वास भरतो.

त्या नऊ मिनिटांत पाटाचं नदीकडचं तोंड पाण्याखाली गेलं आहे. खेळाडूंना इथं शेवटची खरी संधी असते. पिंपं लगेच सांडली तर साताठ जण पाटातून निघू शकतात. कोण निघणार, हे त्यांनीच ठरवायचं.

७:०२

समंध फरशीवरून उठत नाही. त्याला सांगतात की खाली काही नाही. तो म्हणतो, बघितल्याशिवाय उठणार नाही, आणि उठल्याशिवाय बघता येत नाही. तिघं मिळून त्याला सरकवतात. फरशी उचलतात. खालून पाणी वर येतं.

७:१४

सूर्य मावळतो. उन्हाची भीती संपली. पाणी छातीला. ४३ जण पायऱ्यांवर उभे आहेत. वरचा कुणीतरी पुढं पाऊल टाकतो, खाली पडतो, पुन्हा चढतो.

७:३५

दिवेलागण झाली. चकवा किल्ल्याच्या पलीकडच्या कडेला, एका बाभळीखाली जागा होतो. दोन्ही बाटल्या रिकाम्या आहेत. तो हाकेची वाट बघतो. मावशी आतून तीन हाका मारते. त्या तळघरातच फिरत राहतात.

पिंपळाच्या बुंध्याला पाणी लागलं आहे. मुंजा सावलीच्या टोकापर्यंत येतो. पुढं त्याला जाता येत नाही, पण आवाज जातो. तो पहिली हाक मारतो.

७:४८

दुसरी हाक.

८:००

तिसरी. चकवा ती नीट ऐकतो. कान देऊन, दोनदा खात्री करतो. आवाज पोराचा आहे. ठरल्याप्रमाणे तो फेर सोडत नाही.